उतारावर बंद केलेले इंजिन

अल्लाचे नाव घेऊन लिहितो. मी फव्वाज सालिम अल-मरझूक, ज्याला सल्तमध्ये सगळे अबू राकान म्हणतात, वय एकोणसत्तर, धंदा जुन्या पिकअप दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या दोन झडपा बिघडल्या आहेत, पण डॉक्टर म्हणतात त्यांचा अकलेशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी आणले असते तर बरे झाले असते, एकोणीस वर्षे गेली नसती.

कलम १. घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी नवाल, मुलगा राकान आणि मुलगी शमा यांना शरियतने ठरवलेल्या वाट्याने जाईल. त्यात मी ढवळाढवळ करीत नाही. राकानने आईला अम्मानच्या फ्लॅटवर नेण्याचा आग्रह धरू नये. तिला तिथे गुदमरते, आणि ती हे तुला कधी सांगणार नाही.

कलम २. मालमत्तेचा एक तृतीयांश शरियत माझ्या मर्जीवर सोडते. त्यातून वर्कशॉपची सगळी हत्यारे शेजारचा वेल्डर हाबिस याला. अट एकच. 'गाडी पेट्रोल फार पिते' म्हणत गिऱ्हाईक आले की बॉनेट उघडण्याआधी चारही चाके जॅकवर घेऊन हाताने फिरवावीत. ब्रेक चिकटलेले असतात, अर्धी चोरी तिथेच होते. मग टायरची हवा, मग धुळीने बुजलेला एअर फिल्टर, मग प्लग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. मागचा लोखंडी पिंजरा काढायला लावावा, तो कोणी काढत नाही. एवढ्यावर शंभर किलोमीटरला चौदा लिटर पिणारी गाडी अकरावर येते. याच्या खाली ती कोणाच्या बापाला आणता येत नाही.

कलम ३. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवून 'तिसरा हिस्सा वाचेल' सांगणारा समीह याच्याशी मी बावीस वर्षे बोललो नाही. त्याला माझ्या जनाज्याला येऊ द्यावे. मी त्याला गावभर भामटा म्हणत फिरलो. त्याच्या चुंबकाने कोणाचा पाय गेला नाही. माझ्या सल्ल्याने गेला.

कलम ४. हे लिहायलाच बसलो होतो, आणि वरची तीन कलमे लांबवत राहिलो.

'अबू राकानच्या हाताखालून गेलेली गाडी पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते,' असे मंडईत लोक बोलायचे. ते मला चढले. पेट्रोल महागले तेव्हा जो तो विचारू लागला, आणखी काय करता येईल? 'काही नाही' म्हणायला मला कमीपणा वाटला. मग मी सांगू लागलो: सल्तहून खाली घोरच्या खोऱ्यात उतरताना इंजिन बंद करा, गिअर काढा, सगळा उतार फुकट. ब्रेकला जोर इंजिनच देते आणि ते बंद असले की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते, हे मला पक्के ठाऊक होते. 'जरा हळू उतरा' एवढे म्हणून मी मोकळा व्हायचो.

झैदान मुतलक तेव्हा सव्वीसचा होता. नवे लग्न, जुनी पिकअप, भाजीची वाहतूक. तो म्हणाला, "काका, ब्रेक घट्ट होतात हो. भीती वाटते."

मी चारचौघांत म्हणालो, "मग स्टिअरिंगवर बायकोला बसव."

सगळे हसले. तिसऱ्या दिवशी रिकाम्या खोक्यांसकट त्याची गाडी वळणावरच्या अबू घालिबच्या अंजिरांच्या टपरीत शिरली. अबू घालिबचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

समेटाला वडीलधारी मंडळी अबू घालिबच्या घरी गेली, त्यात मी पुढे. रिवाजाप्रमाणे आम्ही कॉफी न पिता समोर ठेवली. मागणे मान्य होईपर्यंत कोणी घोट घेत नाही, आणि पाहुणे तसेच उठून गेले तर यजमानाची नामुष्की. अबू घालिबने विचारले, "इंजिन बंद करायचं ह्याला सुचलं कसं?"

झैदानने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पोरकटपणा, दुसरं काय. कितीदा बजावलं मी."

त्याने मान खाली घातली. मी त्याच्यासाठी शब्द टाकायला आलो होतो, तो मला खोटे कसे पाडणार? अबू घालिबने माफ केले. झैदान पुन्हा कधी गाडी चालवणार नाही, याला जामीन मीच राहिलो. मग मी कॉफी प्यायलो आणि ती मला चांगली लागली. हे लिहिताना कानशिले तापतात.

झैदानने गाडी विकली. आज पंचेचाळिसाव्या वर्षी तो मंडईत दुसऱ्यांच्या गाड्यांवर पेट्या चढवतो. मुलीच्या सोयरिकीतही 'बाप बेफिकीर' हे निघाले. अबू घालिब तीन वर्षांपूर्वी वारला, त्याची माफी मागायची सोयही उरली नाही. मी दोनदा मंडईत सांगायला गेलो. दोन्ही वेळा झैदान म्हणाला, "काका, उन्हातून आलात, पाणी घ्या." मी पाणी पिऊन परत आलो. मला माझी लाज वाटते.

कलम ५. दफन झाल्यावर घरचे लोक जमलेल्यांना विचारतात, मयताला माफ केलेत ना? आणि लोक काय माफ करतोय हे न कळताच 'केले' म्हणतात. राकान, ते विचारण्याआधी कलम चार मोठ्याने वाच. माझा जामीन मी मागे घेतो, झैदान गाडी चालवायला मोकळा आहे. माझी ब्याऐंशी सालची पिकअप झैदानला द्यावी, त्याने माफ केले नाही तरी.

सल्त, ५ जून २०२२.
(सही) फव्वाज सालिम अल-मरझूक

पुरवणी. हा कागद साक्षीला नेला, तेव्हा मास्तर अनीस यांनी तो वाचून पेनाला टोपण लावले.

"अबू राकान, हे तू मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"म्हणजे भर कब्रस्तानात लोकांची तोंडं राकानने बघायची. झैदानचं घर किती लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं."

"तेवढं तुझ्या झडपांना झेपेल."

गुरुवारी एकटा गेलो. झैदानच्या बायकोने कॉफी आणली. मी बसल्याबसल्या पिऊन टाकली, त्याच्यावर कसलीच भीड पडायला नको म्हणून. मग कलम चार वाचले. त्याची बायको दारातून हलली नाही.

झैदानने माझा रिकामा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मंडईत वाचाल?"

"वाचेन."

"शनिवारी. सगळ्या गाड्या असतात तेव्हा." मग त्याने कागद ओढून घेतला. "दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे."

"तू साक्षीदार नाही चालणार रे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत. तुला गाडी दिली आहे."

"मग गाडी खोडा."

"झैदान, गाडी चांगली आहे. अकरा लिटरच्या वर..."

"काका, गाडी खोडा."

कलम पाचमधील गाडीचे वाक्य मी स्वतः खोडले आहे. ती वारसांकडे जाईल. माफीचे त्याने काही म्हटले नाही आणि मी विचारले नाही.

सल्त, ९ जून २०२२.
(सही) फव्वाज सालिम अल-मरझूक

साक्षीदार पहिला: अनीस ताहिर. धंदा: निवृत्त शिक्षक. (सही)

साक्षीदार दुसरा: झैदान मुतलक. कलम चार मी स्वतः वाचले, घडले तसेच लिहिले आहे. धंदा: ड्रायव्हर. (सही)