मधला पांढरा पट्टा

मंगळवार, ४ मार्च

लेखातून ते चार ससे वगळायचे म्हणे! का? तर ‘रंग नीट चढला नाही.’ मेलेल्या सशांच्या रक्तवाहिन्यांत सुईने लाल रंग मीच सोडला होता.

बाकीच्या सशांत मानेकडून येणारी रक्तवाहिनी आणि छातीकडून येणारी, दोन्ही श्वासनलिकेच्या कडेने एकमेकींना भेटतात. या चौघांत भेटतच नाहीत. वर लाल, खाली लाल, मध्ये नखाएवढा पांढरा पट्टा.

सर म्हणाले, “बाई, तुमचा हात जड. सुई जास्त दाबली असणार.”

जड! म्हटलं, मग त्याच सुईने शेजारची अन्ननलिका लाल कशी झाली? तर चष्मा पुसत बसले.

आमचा लेख वाचून प्राण्यांचे डॉक्टर सशांचे गळे उघडणार. एक वाहिनी बांधली तरी दुसरी आहेच, असं धरून चालणार. आणि ससा या चौघांसारखा निघाला तर? श्वासनलिकेचा मधला भाग कुजणार. यात न कळण्यासारखं काय आहे!

गुरुवार, ६ मार्च

हात खरंच जड असेल तर? — त्या चौघांच्या गळ्यांच्या बरण्या फळीवरून पुन्हा उतरवल्या. भिंगाखाली बारीकसारीक फांद्यांतही टोकापर्यंत रंग दिसतो. तरी छातीठोक सांगवत नाही. मग शंका आहे असं लिहा ना! एक ओळ!

“एका ओळीने अख्खा लेख लंगडा होतो,” इति सर.

घरी नवरा म्हणाला, “भांडी आपटून काय उपयोग? ती बिचारी तुझ्या सरांची नाहीत.” हसू आलं. त्याचाही राग आला.

मंगळवार, ११ मार्च

सरांशी अबोला धरलाय. त्यांना पत्ताही नाही!

शुक्रवार, १४ मार्च

आज सर आपणहून माझ्या टेबलापाशी आले. नातीचा पाळीव ससा घरघरतोय. मागे भूल देताना गळ्यात नळी घातली होती, तिथेच श्वासनलिका अरुंद झालीय. सोमवारी तेवढा भाग कापून टोकं जोडणार आहेत.

खुर्ची ओढून हळूच म्हणाले, “बाई, त्या चार सशांचं... तुम्हाला खरंच तसं वाटतं?”

‘माझा हात जड आहे ना?’ — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “खात्री नाही, सर. पण माझा ससा असता तर मी कापू दिला नसता.”

मान हलवत गेले. नातीची काळजी होती चेहऱ्यावर. मला वाईट वाटलं — आणि वाटावं याचीच चीड आली.

मंगळवार, १८ मार्च

सरांनी नातीच्या सशाचं ऑपरेशन रद्द केलं.

आज लेखही पाठवून दिला. ते चार ससे वगळून. लेखकांत पहिलं नाव माझं घातलंय.