रहिवासी आहात का? हो.

किंग्स्टनच्या मजूर कचेरीतले साहेब,

अमेरिकन सरकारचे, तिथल्या रहिवाशांसाठीचे मदतीचे पैसे आमच्या गावातल्या एकोणीस मजुरांना चुकून आले. परत करा, नाहीतर सफरचंदं तोडायला पुन्हा अमेरिकेत जाऊ देणार नाही, असं आता तुमच्या कचेरीनं कळवलंय. कुठून आणू? वादळानं उडवलेल्या छपरांवर त्या पैशांचे पत्रे आणून ठोकले. भोकं पडलेला पत्रा दुकानदार परत घेतो का?

साहेब, चूक माझी आहे. सगळ्यांचे अमेरिकेतल्या कराचे फॉर्म मी भरले, एका फॉर्मला एक कोंबडी घेऊन. 'इथले रहिवासी आहात का?' असा प्रश्न होता. वर्षातले सात महिने तिथे राबतो, आमच्याबरोबर राबणाऱ्या कथबर्टला तर तिथेच पुरलं. मी सगळ्यांचं 'हो' लिहिलं.

पैसे आले तेव्हा आई तर चर्चमध्ये उभी राहून म्हणाली, "अमेरिकेनं माझ्या लेकाचे कष्ट पाहिले!"

शिक्षा मला एकट्याला करा, हेच लिहायचं होतं. तीन दिवस हे अर्धं पत्र खिशातच आहे. आज बाकीचे अठराही जण अंगणात आलेत.

"एव्हराल्ड, सरकारला उत्तर तूच लिही बाबा. आमचा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

प्रत्येकाच्या काखेत कोंबडी आहे.

आपला गुन्हेगार,
एव्हराल्ड