बेगमचा उजवा पाय

प्रिय फरहीन,

सलाम बेटा. फुलचंदभाऊ परवा साडूच्या घरी नांदेडले चालला, त्याच्या हाती हे पत्र देऊन राह्यली. आपल्या बँडमधला क्लॅरोनेटवाला फुलचंदभाऊ, तुझ्या लग्नात ज्याची तान थांबतच नव्हती तो. पत्र पाहून दचकू नको. आहेत तेवढे सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण तुझा भाऊ परवेज फोन लावून देतो तो स्पीकरवर, अन् मोहल्ल्यातल्या दोन-चार बाया माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, नवरा गेल्यावर इद्दत पाळत घरात बसलेली बाई बोलते कशी ते. शिवाय तू फोनवर रडतेस. तू रडली की मले काही बोलायले सुचत नाही, अन् मी गप्प बसली की तू अजून रडतेस. त्यापेक्षा हे बरं. उर्दू मले वाचता येते, पण लिहायले हात मराठीतच चालतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत वळण पडलं तसं.

माझी तब्येत विचारशील. ठीक आहे. भूक लागली की जेवते, झोप आली की झोपते. तुझ्या अब्बांले जाऊन तीन महिने होत आले अन् माझ्या डोळ्यातून पाण्याचा थेंब नाही. शेजारची धनीबाई मले रडवायले म्हणून येते, लय जीव लावते बिचारी. पण तिचंच रडून होते अन् मी तिले चहा करून देते. चहात साखर पडली की मीठ, ते बी तीच सांगते. दात काढताना सुई देतात ना, मग गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं आहे. दुःख आहे का म्हणून मी चाचपून पाहते. हाताले काही लागत नाही. असो.

आता बेगमचं सांगते, कारण तिचंच सांगायचं आहे. तुले तर सगळं ठाऊक आहे. वरातीसाठी ही पांढरी घोडी आणली तेव्हा तुझ्या अब्बांनी तिचं नाव बेगम ठेवलं. मले ते जन्मभर फरहीनची अम्मी म्हणत, अन् घोडीले बेगम! मी म्हणायची, सवत आणली ती आणली, वरून तिचे चणे बी मीच भिजवू का? ते हसत अन् स्वतःच चणे भिजवायले बसत. तुमी पोट्टे लहान होते, तुमाले वाटायचं आमी खरंच भांडतो. मी खरंच भांडत होती बरं. वरातीत फटाके लागायच्या आधी ते गळ्यातला मफलर काढून तिच्या डोळ्यांवर टाकत, डोकं छातीशी धरत अन् तिच्या कानात काहीतरी पुटपुटत. बाकीचे घोडे उधळायचे, ही खांबासारखी उभी. काय पुटपुटता म्हणून विचारलं तर म्हणत, मियांबीवीची गोष्ट आहे, तुले काय करायचं.

गेल्या महिन्यात परवेज तिले मानोऱ्याकडच्या एका लग्नात घेऊन गेला. मी म्हटलं होतं, इतक्यात नको. पण नवरदेवाच्या बापाने अब्बांच्या जिवंतपणीच ठरवलं होतं, त्यांचा शब्द कसा मोडायचा? फटाके लागले, बेगम बिथरली, मागे सरली अन् मंडपाच्या पडलेल्या फळीवर पाय दिला. खिळा पुढच्या उजव्या पायात खालून थेट आत. परवेजने तो तिथेच उपटला, हळद भरली अन् मले चार दिवस सांगितलं नाही. तिने पाय टेकणं सोडलं तेव्हा मले कळलं.

मग तो तिले टेम्पोत चढवून आपल्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी घराबाहेर पाय टाकत नाही, तर हे सगळं त्याच्या तोंडचं. तिथे आता वैभवी मॅडम म्हणून डॉक्टरीण आहे, तुझ्याच वयाची. बैल-म्हशी अडकवायचा लोखंडी खोडा आहे, बेगमले त्यात घातलं तर तिने तो असा गदगदा हलवला की रांगेतल्या बकऱ्या दावं तोडून पळाल्या. मॅडमने तिले बाहेर काढून निंबाखाली उभी केली. आधी स्वतःचा हात हुंगू दिला. घोडं त्यांच्याकडे कधीमधीच येते, म्हणून कॉलेजातल्या सरांले फोन लावून औषध किती द्यायचं ते विचारून घेतलं. परवेजले ते कमीपणाचं वाटलं. मले उलट वाटलं, विचारते ती बरी. मग झोपेची सुई देऊन तळवा कापला, पू काढला, धनुर्वाताची सुई दिली. केसपेपरवर जनावराचं नाव विचारून तिने बेगम असं लिहिलं. तुझ्या अब्बांले त्या मोठ्या दवाखान्यात सगळे खाटेवरून चौदा नंबर म्हणत होते. आपल्याले आत सोडलं नाही, चौदा नंबर गेला म्हणून बाहेर येऊन सांगितलं. मी तक्रार करून नाही राह्यली. आठवलं म्हणून लिहिलं.

आता रोज जखम धुवा, औषध भरा, पट्टी बांधा, असं आहे. झोपेची सुई रोज देता येत नाही, म्हातारी झाली, तिचं हृदय ते सोसणार नाही. चालवता बी येत नाही, म्हणून मॅडम दवाखाना बंद करून जाताना स्कूटी आपल्या अंगणात लावते. कोपरापर्यंत साबणाने हात धुते, आधी बी अन् नंतर बी. तिचा एकच हट्ट आहे, जनावराचं तोंड घरच्या माणसानंच धरायचं. त्या दवाखान्यापासून बेगम परवेजले जवळ येऊ देत नाही. मग उरली मी.

तर बाई, मी सवतीचं तोंड धरलं. तिने मले असं काही झटकलं की मी चुलीपर्यंत गेली. परवेजचा टॉवेल डोळ्यांवर टाकला, तिने फेकला. माझी ओढणी टाकली, ती बी फेकली, वरून नाक फुरफुरलं. मी तिच्या मानेत तोंड घालून पाहिलं, म्हटलं इथे तरी त्यांचा वास असेल. औषधाचा वास आला. परवाच्या दिवशी मॅडमच्या दंडाले लाथ बसली, काळानिळा हात घेऊन ती काल पुन्हा हजर. काल बेगम भिंतीवर आदळून पडली अन् पट्टी फाटली. मॅडमने मले ओट्यावर बसवून सरळ सांगितलं, अम्मी, हे असं चाललं तर पू हाडात जाईल, मग ती उभी राहणार नाही, अन् घोडं उभं राह्यलं नाही की वाचत नाही. तुमचे मालक काय करत होते ते आठवा. मी मफलरचं सांगितलं. ती म्हणाली, मग तोच आणा, कुठे आहे?

चाळीसाव्या दिवशी त्यांचे सगळे कपडे वाटून टाकले होते, म्हणून परवेज ज्याले ज्याले दिले त्याच्या दारी विचारून आला. मफलर कुठे आहे ते मी त्याले सांगितलं नाही. फरहीन, तू नांदेडले परत निघाली त्या सकाळी तुझ्या बॅगची चेन लागत नव्हती अन् मी लावून दिली. मफलरची तपकिरी किनार बाहेर आली होती, ती बोटाने आत दाबली. मी पाहिलं का, ते तू पाहत होती. मले वाटलं, नेऊ दे. मले रडू येत नाही, हिले येते, तर हिच्याजवळ राहू दे. आता तो मले मागावा लागून राह्यला, राग मानू नको. फुलचंदभाऊ दोन दिवसांनी परत निघेल, त्याच्याजवळ दे, पिशवीले घट्ट गाठ मारून. अर्धा कापून तुझ्याकडे ठेव, बेगमचे डोळे अर्ध्यात झाकतात. पाय बरा झाला की हा अर्धा बी तुले परत पाठवीन असं लिहिणार होती, पण नाही पाठवणार. मले बी एकदा तो तोंडावर घेऊन पाहायचा आहे, काही होते का ते. अन् धुतला असशील तर मले सांगू नको. तसाच पाठव.

तुझीच,
फरहीनची अम्मी