कावळ्यासाठी गोड चहा

रविवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

आज बाबांचा दहावा झाला. कन्हानच्या काठावर पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना. दादा हात जोडून उभा. मग एकदम त्याला सुचलं. वहिनीला म्हणाला, "थर्मासमधला चहा ठेव वं पिंडाजवळ. बाबाले चहा लय आवडे." आणि साखर त्याने स्वतःच्या हाताने टाकली. एक चमचा, मग अजून एक.

साखर! मागच्या महिन्यात डॉक्टरच म्हणाले होते, आता पथ्य राहू द्या, मागतील ते द्या. तरी दादाने शेवटपर्यंत बिनसाखरेचाच चहा दिला. जाणाऱ्या माणसाची शुगर वाढून काय होणार होतं? बाबा मला हळूच म्हणाले, "बाई, दादाले सांग न वं, एक डाव गोड चहा दे म्हणा." मी सांगितलं. दादा म्हणाला, "तू दोन दिवसाची पाहुणी, तुले काय समजते?"

कावळा आला. आधी चहात चोच घातली, मग पिंडाला शिवला. सगळे म्हणाले, बघा, जीव चहातच अडकला होता. दादाचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, तेच मला सहन होत नाही.

आत्ता फोटोपुढे ठेवायला वहिनीने पुन्हा चहा केला. तिने विचारलं, "साखर किती टाकू?"

दादा म्हणाला, "टाक मनसोक्त. आता काय होते त्याईले?"