मामाची एन्ट्री बाकी आहे

॥ श्री ॥

मुक्काम: गाडीतच. आलापल्लीच्या अलीकडे, पोचूच्या घरासमोर, मोहाच्या झाडाखाली.
रविवार, दुपार.

तीर्थस्वरूप प्रवीणभाऊ यांस वरोऱ्याहून निघालेल्या प्रफुलचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, वणवा आटोक्यात असेल आणि आपल्या बीटमधील सर्व वाघ खाऊनपिऊन सुखरूप असतील, अशी आशा करतो. आम्हा उभयतांची प्रकृती ईश्वरकृपेने... (थांबा भाऊ. शाळेत पत्रलेखनाले धापैकी आठ भेटले होते म्हणून असं शुद्ध लिहाले बसलो, पण दोन ओळीत मानेले घाम फुटला. आता आपल्या बोलीत लिहितो. तसा मी घरचा जवाई, नमस्कार तुमी मले कराले पाह्यजे. पण काम माह्यं अडलं आहे, म्हणून या खेपेस मीच वाकतो.)

तुमचा फोन जंगलात लागत नाई, म्हणून हे पत्र तेंदूच्या ट्रकवाल्याच्या हाती देऊन राह्यलो. त्याचं नावच पत्रू आहे, त्यामुळं पोचवण्याची जबाबदारी त्यानं लय मनावर घेतली आहे.

पयले तुमचा गुन्हा सांगतो, म्हणजे माह्या गुन्ह्याले जरा जागा होईन. प्रणितचं जावळ. मामाच्या मांडीवर पोट्ट्याले बसवाचं अन पयली बट कापाची, एवढंच काम. पयल्या वर्षी नाव्ही बोलावला, आंगण सारवलं, अन तुमच्या जंगलाले आग लागली. दुसरं वर्ष चालत नाई. तिसरं लागल्याबरोबर मागच्या मे महिन्यात मुहूर्त काढला, त बुद्धपौर्णिमेले तुमी मचाणीवर बसून जनावरं मोजत होते. तवा तुमची बहीण एकच बोलली, "माह्या भावाले वाघ मोजता येते, सोताचा भाचा मोजता येत नाई." त्या दिवसापासून तिनं तुमचा फोन उचलला नाई, हे तुमाले मालूमच आहे. आता येत्या गुरुवारी प्रणितले तीन वर्षं पुरे होऊन चौथं लागते. चौथ्यात केस कापता येत नाई. म्हणजे बुधवार हुकला त पाचव्या वर्षापर्यंत पोट्टं दोन वेण्या घालून अंगणवाडीत जाईन. आत्ताच किराणावाला त्याले 'ये छकुली' म्हणून गोळी देते. माह्या मायनं, रुखमाबाईनं, वरतून बजावलं आहे, की मामा जिता असताना दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसवलं त घरात पाय ठेवाचा नाई. घर माह्या नावावर आहे, पण ते तिले सांगाची माही हिंमत नाई.

मामाले सुट्टी नाई, त भाचा मामाकडे जाईन, असं मी ठरवलं. (ठरवलं रंजीतानं. पण 'भावाकडे जाऊ' असं ती मेली तरी म्हणणार नाई. ती म्हणे, पोरायले जंगल दाखवू. मी मान हलवली. पिशवी भरताना मी चोरून पाह्यलं, त त्यात कैची, नवं धोतर, नारळ, तुमाले आवडते ते बिनगुळाचं लोणचं, अन एक नवाकोरा चाळीस नंबरचा शर्ट. भाऊ, मी अडतीस घालतो.)

आता गाडीबद्दल. पोरायले घेऊन एवढ्या उन्हात मोटारसायकल जमत नाई, अन आमच्या मोठ्या पोरीले, दिव्यानीले, बसमध्ये उलट्या होतात. तर मी वडशाच्या एका नाटक कंपनीची जुनी मेटॅडोर घेतली. अन ऐन कुलरच्या सीझनमध्ये आपलं वायंडिंगचं दुकान बंद करून पंधरा दिवस त्या गाडीचं घर बनवलं. (वरोऱ्याची अर्धी जनता सध्या घामात अंग धुऊन मले शिव्या देत असन.) नटायच्या पेट्यायवर गाद्या टाकल्या, त्या पलंग झाल्या. मांगच्या खिडकीत कुलर बसवला. हिरोइनीचा बल्बवाला आरसा ठेवला, त्याच्यासमोर दिव्यानी सकाळपासून बसते. आठ वर्षांची पोट्टी, पण पावडर किलोनं लावते. बाहेरून निळा रंग दिला. पण रंगवणारा एकच हात मारून गेला अन गोंडपिपरीपर्यंतच्या उन्हानं तो उडाला, त खालून कंपनीचं नाटक पुन्हा दिसाले लागलं: 'हरवला नवरा भर बाजारात'. मांगच्या दारावर रडणारी बाई, तिच्या डोळ्यातलं पाणी आमच्या नंबर प्लेटवर पडते.

अन आता माहा गुन्हा. टपावरचा भोंगा मी काढला नाई. मले वाटलं, रिव्हर्स घेताना मांगच्यायले आवाज यावा म्हणून त्याले रिव्हर्स गिअरची वायर जोडावी. जोडली. पण त्या भोंग्यात कंपनीचं मेमरी कार्ड राह्यलं होतं. (वीस वर्षं मोटरी बांधून राह्यलो, एक वायर कधी चुकली नाई, अन चुकली त सगळ्या जिल्ह्याले आयकू गेली.) बापा! गोंडपिपरीच्या पुढं एका गावात झाडाखाली जेवण करून गाडी मांगं घेतली, त टपावरून कडकडीत आवाज: 'रसिक मायबापहो! आज रात्री ठीक दहा वाजता, आपल्याच गावात!' मी घाबरून गाडी पुढं घेतली, आवाज बंद. झाडात अडकली म्हणून पुन्हा मांगं घेतली, पुन्हा रसिक मायबाप. चार वेळा पुढंमांगं झाल्यावर पाह्यतो, त सरपंच खुर्च्या घेऊन येऊन राह्यला होता. नाटकाचा सीझन होळीले संपते भाऊ, अन मे महिन्यात नाटक म्हणजे लोकायले लाटरीच लागली. आमी खरकटी भांडी तशीच गाडीत टाकून पळालो. दिव्यानी मांगच्या काचेतून सगळ्यायले हात हलवत होती, तिले वाटलं आपण गाजलो.

आष्टीचा पूल ओलांडला, वैनगंगा पाह्यली, प्रणित तिले 'मोठ्ठी बादली' म्हणाला. पुढं एका नाक्यावर गाडी तपासाले थांबवली. तुमच्याच खात्याचा माणूस, नवाच होता, बिचारा भला. पेटी उघडली, त त्यात दाढ्या, मिशा, टोप, अन एक लाकडाची तलवार. तो टोप मोजत मोजत प्रणितपर्यंत आला अन त्याले वाटलं हाबी टोपच आहे, म्हणून त्यानं वेणी धरून जरासा ओढला. लेकराची किंकाळी नदीपल्याड गेली असन. तवा तुमची बहीण अशी उसळली, की आजूबाजूच्या माकडायनं झाडं बदलली. म्हणे, याचा मामा तुमच्याच फॉरेस्टात आहे, प्रवीण त्याचं नाव, त्याले कळू द्या, मंग पाहा! भाऊ, वर्षभरात तिच्या तोंडून तुमचं नाव पयल्यांदा निघालं. मी गाडीच्या मांगं जाऊन डोळे पुसले. तिले सांगू नका, ती म्हणन धूळ गेली असन.

मंग काल दुपारी, आलापल्ली जवळ आली तशी रंजीता घडीघडी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधाले लागली, अन तेवढ्यात गाडी अडकली. साधी नाई अडकली. मी एका बैलबंडीले जागा द्याले रिव्हर्स टाकला अन गिअर तिथीच बसला. पुढं जाईचना. मांगं मात्र मस्त चाले. रस्त्यात उभं राह्यलं त तेंदूचे ट्रक उडवतीन, म्हणून अर्धा किलोमीटर मी मान वळवून मांगंमांगं चालवत या गावात शिरलो, अन टपावर अखंड 'रसिक मायबापहो' चालू. रंजीता डोक्याले हात लावून म्हणे, माह्या माहेरच्या माणसाकडं मी अशी पाठमोरी जाऊन राह्यली काय?

गाव लहान, पन्नासेक घरं. माणसं पहाटे तेंदूपत्ता तोडाले जातात, दुपारी दारात बसून पुडे बांधतात. आमी शिरलो तसे सगळे पुडे खाली पडले. पोचू म्हणून गावातला कर्ता माणूस आहे, तो पुढं आला. मी हात जोडून सांगितलं, की भाऊ, आमी नाटकवाले नोय, मी मोटर वायंडिंगवाला. पोचू हसला अन म्हणे, "हिरो लोकं पयले असंच म्हणतेत." रात्री दहा वाजेपर्यंत तेंदूच्या दिवसात कोण जागते? म्हणून गावानंच टैम बदलून संध्याकाळी पाचचा केला. साडेचारले बाया चटया घेऊन हजर. लेकरं समोर. कोणी आमच्यासाठी चारोळी आणली, कोणी आंबे. आता एवढं खाऊन नाई कसं म्हणाचं?

तवा आमी नाटक केलं भाऊ! दिव्यानी डायरेक्टर. नाटक नवरा हरवल्याचं, म्हणून मले स्टेजवर याचंच काम नोयतं. मी गाडीमांगं कुलरसमोर बसलो, जिंदगीतला सगळ्यात सोपा रोल. रंजीता प्रणितले कडेवर घेऊन गाडीसमोर उभी राह्यली. तिले एक शब्द येत नोयता. दिव्यानी मांगून सांगे, मम्मी, रड! लोकं वाट पाह्यत. अन मंग ती बोलली. म्हणे, "नवऱ्याचं काय घेऊन बसले बाई, नवरा त गाडीमांगं कुलरची हवा खाऊन राह्यला. माहा भाऊ हरवला."

भाऊ, मी कुलर बंद केला. ती सांगत गेली. धानोऱ्याचा नाला भरला की तुमी तिले खांद्यावर बसवून शाळेत कसे नेत, अन एकदा तिची चप्पल वाहून गेली त घरी 'रंजूची गेली' असं न सांगता सोता मार कसा खाल्ला. लग्नात तिच्यापेक्षा जास्त तुमीच कसे रडले. अन दोनदा तिनं आंगण सारवलं, दोनदा पाट मांडला, अन पाट तसाच राह्यला. ती म्हणे, त्याचा राग नाई येत, त्याच्यावाचून करमत नाई, म्हणून राग येते. प्रणित तिचे डोळे आपल्या वेणीनं पुसे. समोरच्या सगळ्या बाया पदर तोंडाले लावून. एकही माणूस हसला नाई, मीबी नाई.

तेवढ्यात बुधरी नावाची एक बुढी उठली, अन सरळ स्टेजवर. (स्टेज म्हणजे गाडीसमोरची जागा.) तिनं विचारलं, तुहा भाऊ जिता आहे काय? रंजीता म्हणे, जिता आहे, इथून चाळीस किलोमीटरवर आहे. बुढीनं कमरेले हात लावले. "मंग रडून काऊन राह्यली? बलाव त्याले!" सगळं गाव टाळ्या वाजवाले लागलं. मले वाटलं झालं, संपलं. पण पोचूनं उभं राहून जाहीर केलं, की मामाची एन्ट्री बाकी आहे, तवर नाटक संपलं असं कोणी म्हणाचं नाई. चटया तशाच ठेवल्या आहेत. सकाळपासून चार जणायनं मले विचारलं, मामा कवा येते. इतवारी म्हणून इथी हजामत करणारा आहे, तो कालपासून वस्तऱ्याले धार लावून राह्यला, आता उरला पातळ पत्रा.

तवा भाऊ, माही विनंती आयका. गाडी बंद आहे, गिअर बसला आहे, आमाले पुढं येता येत नाई. बुधवारी सकाळी तुमी या. एक दिवस. आगीची काळजी तुमाले सोडत नाई, हे मले समजते, अन खरं सांगतो, तिलेबी समजते. म्हणून पोचूनं गावचे चार पोट्टे काढून ठेवले आहेत. ते मंगळवारी संध्याकाळी पत्रूच्या ट्रकमध्ये तुमच्याकडं येतीन अन बुधवारी तुमच्या बीटवर नजर ठेवतीन. तुमच्या साहेबाले विचारून घ्या. त्यायले तुमच्यापेक्षा जास्त जंगल समजते, असं पोचू म्हणे. हे मी नाई म्हटलं.

पाट मांडून ठेवतो. मोठ्यायले नमस्कार, लहान्यायले पापा, अन वाघायले रामराम.

तुमचा जवाई,
प्रफुल

ता. क. दिव्यानीनं भोंग्यातलं जुनं पुसून सोताच्या आवाजात नवं भरलं आहे: 'रसिक मायबापहो, बुधवारी सकाळी ठीक दहा वाजता, आपल्याच गावात, मामा!' ते दोन गावायपर्यंत पोचलं आहे. तुमी नाई आले त मले इथून बैलबंडीत लपून जावं लागन.

ता. क. दुसरा. तुमाले खोटं सांगणं मले जमत नाई, म्हणून लिहितो. गाडी बंद नाई. पोचूनं सकाळीच गिअरवर हातोडा हाणला अन तो सुटला. गाडी फर्स्टक्लास चालते. पण चाबी तुमच्या बहिणीनं पदरात बांधून ठेवली आहे. म्हणे, मी वरोऱ्याहून एवढी आली, आता राह्यले ते चाळीस किलोमीटर त्यानं यावं. पदराले हात कोण लावते?

ता. क. तिसरा. पत्र बंद करत होतो, त तिनं हातातून पेन हिसकलं. खालची ओळ तिची आहे.

भाऊ, शर्ट अजून चाळीसचाच लागते ना?
— रंजू