तोंडाला खटका नाही

रविवार, ५ जानेवारी

आले एकदाची सुकापुरात! तिसरा मजला, खिडकीतून डोंगर, आणि घर माझं एकटीचं. सामान लावायच्या आधी पप्पांनी दिलेला मेझुझा, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनेची ती छोटी डबी, दाराच्या चौकटीला ठोकला. लगेच भिंतीवर पलीकडून तीन ठोके. म्हटलं, आता बोलणी खाते. तर शेजारच्या शशिकला काकू चहाला बोलावत होत्या. भजनी मंडळात गातात, आवाज खणखणीत. आमचं ठरूनही गेलं: हाका मारत बसायचं नाही, लाटण्यानं तीन ठोके द्यायचे.

काकूंना नवा फोन दाखवला. कडेला तीन खटके: माइक, कॅमेरा, नेटवर्क. खाली ओढला की आतली जोडणीच तुटते, कुठल्या ॲपच्या मेहेरबानीवर काही नाही. खारघरच्या एका कंपनीत तीन वर्षं त्यांच्या बोलत्या ॲपसाठी वाक्यं वाचली मी. शेवटी म्हणाले, आवाज कायमचा आमच्या नावावर करून दे. सही केली नाही, नोकरी सोडली. आवाज माझा आहे, यांच्या बापाचा नाही! उद्यापासून शाळेत शिकवणार.

शुक्रवार, १० जानेवारी

सहावीची पोरं द्वाड आहेत, पण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आता शब्बाथचे, आमच्या शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावायचे. तिन्ही खटके खाली, फोन ओट्याच्या ड्रॉवरमध्ये. उद्या चांदण्या दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, लिहायचंही नाही. काकू म्हणाल्या, फोनलाही उपास घडतोय म्हणायचा.

रविवार, १२ जानेवारी

काकू म्हणाल्या, काल दिवसभर किती छान वाचत होतीस गं आदिना, ठोके दिले तर उत्तर नाही. काल दिवसभर मी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला, आणि नंतर मैत्रिणीकडे, मिखालकडे, जेवायला! काय वाचत होते, विचारलं. म्हणे, पुढील वळणावर डावीकडे वळा. माझीच वाक्यं, कंपनीतली.

ड्रॉवर उघडून फोन पाहिला, खटके तिन्ही खालीच होते. मोबाइलवाल्या भगवानला फोन उघडायला लावला. तो म्हणाला, ताई, जोडणी तुटलेलीच हाय, खटक्यानं ह्याचे कान बंद होतात, तोंडाला खटका नाय. घरी येऊन फोन परत ड्रॉवरमध्ये टाकला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकू तिळगूळ घेऊन आल्या, गोड बोल म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि आवाजच नाही! सर्दी नाही, ताप नाही. उत्तर ड्रॉवरमधून आलं, माझ्या आवाजात: काकू, तुम्हीपण गोड बोला. काकूंना कळलंच नाही, हसत गेल्या. मी आधी रडले, मग असा संताप आला की ड्रॉवरला लाथ घातली.

गुरुवार, १६ जानेवारी

डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत. ठणठणीत! शाळेनं सोमवारपर्यंत मुदत दिलीय. फोनची बॅटरी काढली, तरी बोलतो. फेकणार नाही — आत माझा आवाज आहे.

आज मी आंघोळीला असताना त्यानं माझ्या आवाजात काकूंना हाक मारून बोलावलं. त्या ओट्याशी दहा मिनिटं बोलल्या, आणि संध्याकाळी त्यांचा घसा बसला. मी कागदावर लिहून दिलं: हाकेला येऊ नका. तीन ठोके, तरच मी.

शुक्रवार, १७ जानेवारी

काकू भजनाला गेल्या नाहीत. ड्रॉवरमध्ये काकूंच्या आवाजात अभंग — एकच ओळ. उरलेला आवाज अजून काकूंकडे आहे. तो मी जाऊ देणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी, दुपार

शब्बाथ आहे. तरी लिहितेय. देव समजून घेईल.

ड्रॉवर भिंतीला लागून आहे. आत्ता फोन थरथरला — ठक, ठक, ठक. थरथरण्यालाही खटका नाही, हे मला सुचलंच नाही —

पलीकडून तीन ठोके आले. काकूंच्या दाराची कडी वाजली, निघाल्या त्या इकडे. ओरडू कशी —

हातोडी. मेझुझा ठोकला ती. फोन फोडला तर माझा आवाजही गेला.

गेला तर गेला. काकूंचा नाही मिळायचा तुला —

आता गयावया करतोय, माझ्याच आवाजात. आदिना, नको ना, म्हणतोय. हे वाक्य मी कधीच वाचलेलं नाही.

घाबरलास तर!

डाव्या हातानं लिहितेय. उजव्यात हातो—