सोफ्यावरचं हिरवं लुगडं

सौ. मालन हिस,
नाशकाहून सावळीरामचा आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. जरा पाणी येतं, एवढंच.

आपल्या राखीने हॉल लय झकास सजवलाय. दुसऱ्या डोळ्याने धड दिसत नाही, म्हणून पट्टी होती तोवर हातानेच चाचपत होतो. सोफा इतका मऊ, की बसलो आणि वाटलं, बुडालो! पायाखाली गालिचा, तोही सशाच्या अंगासारखा.

आज पट्टी निघाली. सोफ्यावर हिरव्यागार उशा, लाल काठाच्या. बघताच ओळखलं. दिवाळीत दोरीवरून गेलेलं तुझं लुगडं! राखी म्हणाली, "आईची आठवण आली की डोकं टेकते." हे पत्रही तीच लिहितेय, मान खाली घालून.

गाय व्याली का?

लुगड्यापायी धाकट्या जावेवर, साळूवर, चोरीचा आळ घेतलास. आता तिच्याकडे जा, चुकलं म्हण. चहा तू कर.

तुझा,
सावळीराम